जीवाणू मरत नाहीत, प्रमाण बदलते

संपादक महोदय,

अंतराळात आतड्यांतले उपयुक्त जीवाणू ‘नष्ट होतात’ असे सर्रास छापले जाते. ते बरोबर नाही. ‘नासा’च्या अभ्यासात अंतराळवीर स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस अंतराळ स्थानकावर होते, जुळा भाऊ मार्क पृथ्वीवर. स्कॉट यांच्या जीवाणूंतले वैविध्य घटले नाही. फर्मिक्युटिस आणि बॅक्टेरॉइडिटिस या दोन गटांचे परस्पर प्रमाण मात्र बदलले, तेही परतल्यावर पूर्ववत झाले. हे सगळे गुरुत्वाकर्षणाच्याच माथी मारू नये. पाकीटबंद, गोठवून वाळवलेले अन्न आणि बिघडलेली झोपही त्यात आलीच. शिवाय नमुना एकाच माणसाचा! हाडांचे तसे नाही; तिथे घट खरीच होते. अंतराळात भाराचा व्यायाम टळला, की कमरेच्या हाडांची घनता महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्के घटते.

– सूक्ष्मजीवशास्त्राचा एक अध्यापक