फिजिओथेरपीच्या मॅडमना, एका खोडलेल्या ओळीबद्दल

मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. मिरजेची शिलाईवाली म्हटलं की ओळखाल.

गेल्या पावसाळ्यात जिन्यावरून घसरून उजव्या कुल्ल्यावर आपटले. तेव्हापासून मशीनवर अर्धा तास बसलं की उठताना कळ यायची, डोळ्यांत पाणी आणणारी. दहा महिन्यांत तिघांना दाखवलं. पहिल्यांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली, ‘गादी सरकलीय’ म्हणाले. मला हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्यांनी कंबरेच्या दोन खळ्यांवर अंगठे ठेवून वाकायला लावलं आणि मिनिटात निकाल दिला, उजवी बाजू वर गेलीय. बारा वेळा ‘बसवून’ घेतली, दर वेळी रोख पैसे. तिसऱ्यांचेही अंगठे तिथेच, पण त्यांना डावी बाजू अडकलेली सापडली. आधीचे उजवी म्हणाले होते, असं मी सांगितलं तर म्हणे, ‘डॉक्टर तुम्ही की मी?’

तुम्ही म्हणालात, ‘एका बोटानं दाखवा.’ मी उजव्या खळीच्या जरा खाली, आतल्या अंगाला बोट टेकवलं. मग तिथल्या सॅक्रोइलिएक सांध्याच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरचं हाड कुल्ल्याच्या हाडाला जुळतं त्या सांध्याच्या, पाच चाचण्या. उताणं झोपवून गुडघ्यावरून मांडी खाली रेटली, कुशीवर वळवून खुब्यावर दाब दिला, पालथं करून माकडहाडाच्या वर तळहात दाबला... सगळं आठवत नाही. आठवतो तो प्रत्येक वेळचा प्रश्न: ‘ही रोजचीच कळ, की नुसतं दाबल्यासारखं?’

नंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र. कागदावर काहीतरी लिहिलंत, घडी घालून पाण्याच्या बाटलीखाली ठेवलंत आणि शेजारच्या खोलीतल्या सरांना बोलावलंत. तुम्हाला काय सापडलं ते त्यांना सांगितलं नाहीत. त्यांनी पुन्हा तेच सगळं केलं, वेगळ्या कागदावर लिहिलं. दोन्ही कागद माझ्यासमोर उघडले. रोजचीच कळ उठली अशा चाचण्या तुमच्याकडे पाचांत चार, त्यांच्याकडे तीन. पाय खाटेखाली सोडायच्या चाचणीवर जमलं नाही. तुम्ही हसलात आणि स्वतःच्या कागदावरची ती ओळ पेनानं खोडलीत. ‘ही धरायची नाही.’

मी गप्प बसले होते. नवीन मुलीला माप घ्यायला लावते तेव्हा मीही माझा आकडा आधी सांगत नाही; सांगितला की तिची टेप बरोब्बर तिथेच येते. पण माझं चुकलं म्हणून गिऱ्हाइकासमोर मी आजवर काही खोडलेलं नाही, खरं सांगते.

अंगठ्यांचंही तुम्हीच समजावलंत. हा सांधा हलतो तो जेमतेम दोन-तीन अंश, कातडी आणि मांसावरून ते कळणार कसं? 1994 च्या एका अभ्यासात तर काहीच दुखत नसलेल्या माणसांतही अशा चाचण्यांत सुमारे 20 टक्क्यांना दोष निघाला होता. माझ्या बारा फेऱ्यांचा हिशेब तिथेच लागला! एकट्या चाचणीवर भरवसा नाही, पण कळ उठवणाऱ्या तीन किंवा जास्त जुळल्या तर वजन येतं, हे न्यूझीलंडच्या मार्क लॅस्लेट यांनी 2005 मध्ये दाखवलं, हेही सांगितलंत. आणि लगेच पुढे, ‘तरी ज्यांचं दुखणं तिथलं नाही अशा शंभरांत बावीसजण यात अडकतातच. म्हणून खात्री करू.’

सांध्यात सुन्न करणारं इंजेक्शन घेतलं त्या दुपारी मी वर्षभरात पहिल्यांदा मांडी घालून जेवले. तीन तासांनी कळ परत आली, पण ती कुठली ते आता ठाऊक होतं. व्यायाम चालू आहेत. पूर्ण बरी नाही, मशीनवर तासभर बसते.

हुशार माणसं मिरजेत पोत्यानं मिळतात, दवाखान्यांचंच गाव आहे. ‘बघू, मला चुकीचं वाटलं असेल’ म्हणणारं माणूस मला चाळिशी उलटल्यावर भेटलं.

तुमच्या दोन ब्लाउजांपैकी निळा तयार आहे. हिरव्याच्या बाहीचं माप मी आणि सुनेनं वेगवेगळं घेतलं, अर्ध्या इंचाचा फरक पडलाय. एकदा येऊन जा, परत घेऊ.