'विकत घ्या' म्हणजे नेमकं काय?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

शब्दांवर कुणाची मालकी नसते, असं तू लिहिलंस. ट्रेडमार्कच्या कायद्यात ते बरंचसं खरं आहे: सफरचंदं विकणाऱ्याला 'ॲपल' हे नाव स्वतःपुरतं राखून ठेवता येत नाही, संगणक विकणाऱ्याला येतं. पण मला घोर आहे तो क्रियापदांचा. नावाची निदान नोंदणी करावी लागते. क्रियापद नुसतं बटणावर छापलं की झालं.

'विकत घ्या' हेच बघ. विकत घेतलेलं पुस्तक कुणाला देता येतं, जुन्या बाजारात विकता येतं, मुलांसाठी मागे ठेवता येतं. ई-पुस्तकाच्या बटणावरही शब्द तोच. अटी उघडल्या की कळतं, आपल्याला मिळतो तो फक्त वापरण्याचा परवाना. तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि कंपनीला काढून घेता येतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून (ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून) परस्पर पुसून टाकल्या. ज्याने त्या ॲमेझॉनवर विकायला ठेवल्या त्याच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून. पैसे परत दिले, पण घरात शिरून पुस्तक उचलून नेणाऱ्याला आपण काय म्हणतो? कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून हे बटण ठेवायचं तर 'हा परवाना आहे' असं स्पष्ट सांगावं लागतं. कायमची उतरवून घेता येणारी प्रत त्यातून वगळली आहे, आणि ते योग्यच आहे.

'भागीदार'चंही तसंच. भागीदाराला नफ्यात वाटा असतो, हिशेबाच्या वह्या बघता येतात. ॲपवर गाडी चालवणाऱ्यालाही कंपन्या 'भागीदार' म्हणतात, पण त्याचं भाडंसुद्धा बहुधा ॲपच ठरवतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ ला करारातले शब्द बाजूला ठेवून काम प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहिलं आणि उबरच्या चालकांना कामगार ठरवलं. किमान वेतन आणि पगारी रजा त्यातूनच आली.

करार वाचताना आधी 'व्याख्या' हे कलम काढ. इंग्रजी मसुद्यात वाक्याच्या मधोमध एखादा साधा शब्द मोठ्या अक्षराने सुरू झाला, तर समजायचं की त्याचा अर्थ कराराने ठरवलाय. देवनागरीत मोठं अक्षर नाही, त्यामुळे मराठी भाषांतरात ही खूणच पुसली जाते. आणि वाद झाला तर इंग्रजी मसुदा ग्राह्य, असं कलम बहुधा शेवटी असतंच. इंटरनेटच्या करारात 'अमर्यादित' दिसलं, तर किती जीबीनंतर वेग उतरतो ते लेखी माग.

कुठल्याही करारावर सही करण्याआधी इंग्रजी आणि मराठी, दोन्ही मसुदे मला पाठव.

तुझाच,
मित्र