सागाचं नको, असं का म्हणालो

इंदिरानगर, नाशिक

प्रिय दिनू,

फोनवर तू विचारलंस, "टेबल सागाचं करू का?" आणि मी नुसतं "नको" म्हणालो. कारण सांगायचं राहून गेलं, ते आता लिहितो.

सुतारकामाचं टेबल डुलतं ते बहुतेक वेळा चौकट ढिली असल्यामुळे. रंधा मारताना आपण टेबलाला लांबीच्या दिशेने रेटत असतो. तो रेटा पायांमधल्या आडव्या पट्ट्यांनी घ्यायचा. त्या नसतील तर पार सुरगाण्याहून साग आणलास तरी डुलेलच.

माझं लाकूड भंगारातलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रं पाइनच्या खोक्यांतून येतात, ती मोडून निघालेल्या पट्ट्या. घेताना शिक्का बघ. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ते लाकूड तिथेच ठेव. आणि खिळे झाडून सगळे उपट, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच.

आता पाय. प्रत्येक पाय चार बाय दोन इंची दोन पट्ट्या चिकटवून कर. बाहेरची पट्टी अखंड, आतली तुकड्यांची. दोन तुकड्यांमध्ये आडव्या पट्टीच्या रुंदीएवढी फट सोड, पट्टी तिथे टेकव आणि वायसर घालून दोन-दोन बोल्ट मार. म्हणजे वजन लाकडावर बसतं, बोल्ट फक्त धरून ठेवतात. पटाशी लागतच नाही (तुझी धार मला माहीत आहे). बोल्ट पुरते आवळण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोज. सारखे आले की आवळ.

वरच्या फळीला १८ मिमी प्लायचा आठ बाय चार फुटांचा एकच शीट पुरतो. लांबीत दोन भाग करून प्रत्येकी सहा फूट काप, फेविकॉल लावून एकावर एक ठेव आणि रात्रभर विटांचं वजन दे. ३६ मिमी जाडी मिळते. स्क्रू खालूनच मार. उरलेले दोन चौकोन खालच्या फळीला वापर. तिथे जड हत्यारं ठेवलीस की टेबल जागचं सरकत नाही.

उंचीसाठी सरळ उभा राहून हात खाली सोड आणि जमिनीपासून मनगटापर्यंत मोज. माझी ३४ इंच भरली, तू ताडमाड, तुझी जास्त येईल. शेजारचे काका "ओट्याएवढं कर" म्हणत होते. ओट्यावर रंधा मारून बघा म्हटलं.

गॅरेजच्या जमिनीला पाण्यासाठी उतार असतो, म्हणून पाय आधी थोडे लांब ठेवून शेवटी जागेवरच छाट. पावसात लाकूड तळातूनच पाणी ओढतं, तेव्हा पायाखाली रबराचे तुकडे दे. वरून जवसाचं तेल लावणार असशील तर तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नकोस, त्या आपोआप पेट घेतात. मोकळ्या हवेत पसरून वाळव.

शेगडा (लाकूड घट्ट पकडायला टेबलाला बसवतात तो) एवढ्यात घेऊ नकोस. गॅरेजची लांबी-रुंदी आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते कळव, मग तो कुठल्या कोपऱ्यात बसवायचा ते ठरवू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या