पालकमंत्री साहेब, जांभळाच्या दिवसात एकदा कोरचीला या

मा. पालकमंत्री साहेब, गडचिरोली जिल्हा
सेवा जोहार.

मी कोरची तालुक्यातला. झेंडेपारचा डोंगर आमच्याकडचा, तिथे लोहखनिजाची खदान नको म्हणून आमच्या ग्रामसभा कित्येक वर्षांपासून ठराव करत आल्यात. आणि दरवेळी साहेब लोक एकच विचारतात, खदान नको तर मग पोरांनी पोट कशावर भरायचं? म्हणून आज त्याचंच उत्तर लिहितोय.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल. मे महिन्यात पंधरा-वीस दिवस तेंदूचा सीझन, माय अंधारातच जंगलात निघते, ऊन चढायच्या आत पानांचा भारा डोक्यावर घेऊन परत, मग दुपारभर घरातले सगळे सावलीत बसून पान मोजत असतात, 70 पानांचा एक पुडका, माझी लहान बहीण तर गप्पा मारता मारता मोजते आणि एक पान इकडचं तिकडे होत नाही. आधी रेट ठेकेदार सांगेल तो. आता वनहक्क कायदा आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) यामुळे ग्रामसभा स्वतः लिलाव करते, पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक पासचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला, तिथून आम्हाला हिंमत आली.

सगळं गोड आहे असं नाही साहेब. व्यापारी कधी कधी पैसे अडकवून ठेवतो, गाव वर्षभर चकरा मारतं. तिथे आम्हाला सरकारची गरज आहे, करारातला पैसा वसूल करून द्यायला कोणीतरी पाठीशी पाहिजे.

आणि जांभूळ! कोरचीचं जांभूळ नागपूरपर्यंत जातं. पण हे फळ दोन दिवसाच्या वर थांबत नाही. संध्याकाळी गाडी नाही आली की टोपल्यातला माल रात्रीतून पाणी सोडतो, सकाळी बायका तो मिळेल त्या भावात देऊन टाकतात, आणि झाडावर चढणाऱ्याने तर जीव धोक्यात घातलेला असतो. तालुक्याला एक कोल्ड स्टोरेज, पल्प काढायचं छोटं युनिट आणि मोह साठवायला कोरडं गोडाऊन एवढं जरी झालं ना तरी किती घरं उभी राहतील, तुम्ही स्वतः येऊन हिशेब करा.

एटापल्लीकडे सुरजागडच्या लोहखनिजाच्या खदानीत काही पोरं कामाला लागली हे खोटं नाही, त्यांच्याबद्दल राग पण नाही. पण तिथे आमच्या आदिवासींच्या ठाकूरदेवाचा डोंगर रोज खाली उतरतोय, आष्टी-आलापल्ली रोडच्या बाजूच्या शेतात लाल धूळ बसते आणि ट्रकखाली माणसं गेलीत. खनिज संपलं की कंपनी जाईल, मोहाचं फूल माझ्या आजोबाने पण वेचलं आणि माझी पोरगी पण वेचेल. एटापल्ली तालुक्यातल्याच तोडगट्टाला 2023 मध्ये लोकं खदानींच्या विरोधात कित्येक महिने रस्त्याच्या कडेला बसून होती तर त्यांना नक्षल समर्थक म्हटलं गेलं, फार लागलं ते मनाला. ग्रामसभेत हात वर करून नाही म्हणणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे साहेब, ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खदानीबद्दल 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्रामसभेलाच विचारायला लावलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं.

आमच्या झेंडेपारची जनसुनावणी मात्र गडचिरोलीला घेतली, शंभरच्या वर किलोमीटर लांब. धान कापणीच्या तोंडावर म्हातारी माणसं तिथे कशी पोहोचणार? पुढची कोणतीही सुनावणी गावात घ्या, कागद मराठीत आणि गोंडीत वाचून दाखवा, ग्रामसभेची संमती आधी, लीज नंतर.

जूनमध्ये जांभूळ पिकतं. तेव्हा या, संध्याकाळी टोपल्या भरल्या जातात त्या वेळेला या, आमच्या बायकांशी बोला. आणि येताना कोल्ड स्टोरेजच्या मंजुरीचा कागद घेऊन या.

कोरची तालुक्यातला एक ग्रामसभा सदस्य