उंच मुलांना सोळाव्या वर्षीच निकालात काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर गेल्या आठवड्यात उंच टेनिसपटूंवर लेख आला होता. फोटो सुंदर होते, मजकूरही वाचनीय होता. पण देवानं उंची दिली आणि बाकी सगळं आपोआप झालं, असा त्याचा एकूण सूर होता. तो मला पटला नाही, म्हणून हे पत्र.

मी नाशिकला महात्मानगर भागात टेनिस-बॅडमिंटनच्या रॅकेटना गटिंग करून देतो, म्हणजे रॅकेटची जाळी विणून देतो. लेख आला त्याच आठवड्यात एक गृहस्थ मुलाला घेऊन दुकानात आले आणि त्याला माझ्यासमोर उभं करून विचारू लागले, "अजून किती वाढेल हो हा? सहा फूट झाला तर सर्व्हिसचं काम होऊन जाईल ना?" मुलगा बारा वर्षांचा. तो खाली मान घालून उभा होता. दुसऱ्या एका आईनं तर मुलगा बुटका राहणार म्हणून टेनिस बंद करायचं ठरवूनच टाकलंय. एका लेखावरून माणसं असे निर्णय घेतात, तेव्हा त्या लेखातली दुसरी बाजूही छापून यायला हवी.

ज्या इव्हो कार्लोविचचा फोटो आपण सर्वांत मोठा छापला, त्याचंच घ्या. क्रोएशियातल्या झाग्रेबचा हा खेळाडू. जन्म २८ फेब्रुवारी १९७९, उंची ६ फूट ११ इंच, म्हणजे २११ सेंटिमीटर. तो व्यावसायिक झाला २००० साली. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, मुख्य फेरीत पहिल्यांदा उतरला २००३ च्या विम्बल्डनला, तेही पात्रता फेरीतून. तेव्हा त्याचं वय २४ होतं आणि जागतिक क्रमवारीत तो दोनशेच्या बाहेर होता. पहिल्याच फेरीत समोर आला गतविजेता आणि अग्रमानांकित लेटन ह्युइट. पहिला सेट ह्युइटनं ६-१ नं घेतला. त्यानंतर कार्लोविचनं ७-६, ६-३, ६-४ असे तीन सेट जिंकून सामना खिशात घातला. जगाला तो त्या दिवशी माहीत झाला.

आता यापुढचं कोणी सांगत नाही. त्या विजयानंतर पहिलं विजेतेपद मिळायला आणखी चार वर्षं गेली. २००७ साली ह्यूस्टनला ते मिळालं आणि तेही मातीच्या कोर्टवर, जिथं नुसत्या वेगवान सर्व्हिसचं फारसं चालत नाही. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. कारकिर्दीतलं सर्वोच्च स्थान, १४ वं, त्यानं २००८ साली गाठलं. विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत तो पोचला २००९ साली, तिशीत. २०१३ मध्ये मेंदूच्या आवरणाला विषाणूजन्य संसर्ग होऊन तो रुग्णालयात होता आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बोगोटाची स्पर्धा जिंकून परतला. त्याची एकूण विजेतेपदं आठ. त्यातली शेवटची दोन, न्यूपोर्ट आणि लॉस काबोस, २०१६ सालची. वय ३७! आपल्याकडे या वयात माणूस मुलांना कोर्टवर सोडून बाहेर गाडीत बसतो.

उंचीचा फायदा नसतो असं मी म्हणत नाही. तो कसा असतो हे नीट कळावं म्हणून थोडा हिशेब देतो. बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेपासून, जाळं ११.८९ मीटरवर, मधोमध त्याची उंची ९१ सेंटिमीटर, आणि जाळ्यापलीकडचा सर्व्हिस बॉक्स, म्हणजे सर्व्हिस जिथं पडावी लागते तो चौकोन, ६.४० मीटरवर संपतो. एवढ्यावरून मांडलं तर सरळ रेषेत मारलेला चेंडू जाळ्यावरून जाऊन आत पडण्यासाठी तो जमिनीपासून साधारण २ मीटर ६० सेंटिमीटरवर मारावा लागतो. साडेपाच फुटी मुलाचा हात आणि रॅकेट मिळून तिथवर जेमतेम पोचतात. म्हणून त्याला फिरकी देऊन चेंडू खाली आणावा लागतो. कार्लोविच तोच चेंडू तीन मीटरच्याही वरून मारायचा. त्याच्यासाठी सर्व्हिस बॉक्स जास्त उघडा होता, हे खरंच आहे. १३,७२८ एस, म्हणजे समोरच्याची रॅकेटही न लागता थेट गुण देणाऱ्या सर्व्हिस, त्यानं मारल्या. हा विक्रम पुढे जॉन इस्नरनं २०२२ च्या विम्बल्डनला मोडला आणि तोही ६ फूट १० इंचांचा.

पण एस म्हणजे सामना नव्हे. २००९ च्या डेव्हिस चषकात, म्हणजे देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेत, चेक प्रजासत्ताकाच्या राडेक स्टेपानेकविरुद्ध कार्लोविचनं एका सामन्यात ७८ एस मारले आणि तो पाचव्या सेटमध्ये १६-१४ असा हरला. त्याच वर्षी फ्रेंच ओपनला त्याच ह्युइटविरुद्ध ५५ एस मारले, पहिले दोन सेट जिंकले, तरी हरला. ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत तो कधीच पोचला नाही. पुरुष एकेरीचं ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्यांत सर्वांत उंच म्हणजे देल पोत्रो, चिलिच आणि मेदवेदेव, तिघेही १९८ सेंटिमीटर, साडेसहा फूट. त्याहून उंच माणसाला ते अजून जमलेलं नाही. आणि मुलाचं टेनिस बंद करायला निघालेल्या त्या आईला मी दिएगो श्वार्ट्झमनचं नाव लिहून दिलंय. तो अर्जेंटिनाचा, उंची १७० सेंटिमीटर. २०२० साली त्यानं रोमला नदालला हरवलं, फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी गाठली आणि क्रमवारीत आठवं स्थान मिळवलं.

एवढ्या उंचीची किंमत पायांना मोजावी लागते. समोरचा खेळाडू मुद्दाम चेंडू पायाशी टाकतो. दिशा बदलायला अर्धा क्षण जास्त लागतो. परतीचा फटका मारताना वाकावं लागतं, आणि ते एकदा नाही, अडीच-तीन तास. हे मी पुण्यात डोळ्यांनी पाहिलंय. ५ जानेवारी २०१९, शनिवार, बालेवाडीला महाराष्ट्र ओपनची अंतिम लढत कार्लोविच आणि दक्षिण आफ्रिकेचा ६ फूट ८ इंची केविन अँडरसन यांच्यात होती. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत एसटीनं गेलो होतो. टीव्हीवर त्याची सर्व्हिस दिसते. स्टेडियममध्ये सर्व्हिसनंतरचं दिसतं. लांब टांगा टाकत तो जाळ्याकडे यायचा, अँडरसन चेंडू घोट्याशी टाकायचा, आणि हा एवढा मोठा माणूस गुडघा जवळजवळ जमिनीला लावून तो चेंडू उचलायचा. पाठ न वाकवता, गुडघ्यातून. पुन्हा उभा राहायचा आणि पुन्हा तेच. तिन्ही सेट टायब्रेकवर, म्हणजे ६-६ अशा बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर, गेले. ७-६, ६-७, ७-६. शेवटचा टायब्रेक अँडरसननं ७-५ असा घेतला. त्या दिवशी कार्लोविचला चाळीस पूर्ण व्हायला दोन महिनेसुद्धा नव्हते. १९७७ साली केन रोझवॉल जिंकला होता, त्यानंतर इतक्या वयाचा माणूस या दर्जाच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत खेळला नव्हता. गुडघ्यांची ती ताकद देवानं दिलेली नव्हती.

अँडरसनही तसाच. इलिनॉय विद्यापीठाकडून कॉलेजचं टेनिस खेळला आणि मग व्यावसायिक झाला. विम्बल्डनची अंतिम फेरी आणि क्रमवारीतलं पाचवं स्थान त्याला २०१८ साली मिळालं, बत्तिसाव्या वर्षी. इस्नर जॉर्जिया विद्यापीठात पूर्ण चार वर्षं शिकला. त्याचं सर्वांत मोठं विजेतेपद, मायामी मास्टर्स, २०१८ सालचं. तोही तेव्हा ३२ वर्षांचा होता. तिन्ही उंच माणसांची वर्षं शेजारी शेजारी मांडून बघा. एकही अठराव्या वर्षी तयार झालेला नाही.

आता आपल्या नाशिककडे येतो, कारण माझं खरं म्हणणं इथलंच आहे.

माझ्याकडे एक मुलगा येतो. नाव लिहीत नाही. चौदाव्या वर्षी तो एकदम वाढला, पंधराव्याला सव्वासहा फूट झाला. त्याआधी त्याच्या रॅकेटची गट, म्हणजे जाळीची तार, नेहमी मधोमध तुटायची, म्हणजे चेंडू रॅकेटच्या बरोबर मध्यावर बसत होता. उंची वाढली त्या काळात गट वर टोकाला, फ्रेमच्या कडेला तुटायला लागली. गटिंग करणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळतो. हात लांब झाले होते, पण अंदाज जुन्याच हातांचा होता. चेंडू रॅकेटच्या टोकावर लागत होता. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायचं, ते वेगळंच. हाडं झपाट्यानं वाढतात आणि स्नायू मागं राहतात, या वयात हे दुखणं खेळणाऱ्या अनेक मुलांना होतं आणि बहुतेकांचं वाढ थांबली की जातं. नेमक्या त्याच काळात एका निवड चाचणीत त्याला सांगितलं गेलं की पाय चालत नाहीत, तू बास्केटबॉलला जा. ही मंडळी वाईट नव्हती, त्यांच्यापुढे यादी होती आणि जागा कमी होत्या. पण तो मुलगा वर्षभर कोर्टवर आला नाही. आता परत खेळायला लागलाय. परवा रॅकेट घेऊन आला तेव्हा मी आधी गट बघितली. पुन्हा मधोमध तुटली होती. मला झालेला आनंद कसा सांगू!

शालेय स्पर्धांचे वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. दहावीच्या वर्षी निम्मी मुलं क्लासला जातात आणि टेनिस सुटतं. बरीचशी क्रीडागुण मिळाले की परत फिरकत नाहीत. म्हणजे उंच मुलाचं शरीर जेव्हा त्याला साथ द्यायला लागतं, तेव्हा तो मैदानावर नसतोच. आपल्याला उंच खेळाडू मिळत नाहीत अशी ओरड होते. मिळतात, पण आपणच त्यांना थांबू देत नाही.

मुलींचं तर आणखी अवघड. पावणेसहा फुटी मुलगी पोक काढून दुकानात येते, कारण घरात रोज ऐकते की हिला स्थळ कुठून मिळणार. तिला सरळ उभं राहायला सांगणारी एकच जागा आहे, ती म्हणजे कोर्ट. अमेरिकेची लिंडसे डेव्हनपोर्ट सव्वासहा फुटांच्या आसपास उंचीची होती. तिनं एकेरीची तीन ग्रँड स्लॅम जिंकली आणि ती जगात पहिली होती. अशा मुलींच्या आयांनी हे नाव लक्षात ठेवावं.

उशिरा सुरुवात करून पुढे जाता येतं, याला परदेशात बघायलाही नको. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. सैन्यात गेल्यावर विशीत त्यानं पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्णपदक मिळवलं. सोळाव्या वर्षीच्या कुठल्याही यादीत तो नव्हता.

निवड करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलाची उंची लिहून घेता, तशी ती गेल्या वर्षी किती होती तेही विचारा. वर्षात चार-पाच इंच वाढलेला मुलगा चाचणीत अडखळला तर त्याला नापास करू नका, पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा. प्रशिक्षकांनी त्या काळात त्याच्या सर्व्हिसचे चेंडू कमी करावेत, वाकण्याचा, पायांचा सराव वाढवावा, आणि बॅचमधली त्याची जागा राखून ठेवावी. शाळेतल्या सरांनी त्याला 'लंबू' म्हणणं थांबवावं, कारण वर्गातली मुलं तेच उचलतात. आईवडिलांनी दहावीच्या वर्षी टेनिस तोडू नये, आठवड्यातल्या तीन सकाळी चालू ठेवाव्यात. आणि आपल्या क्रीडा विभागानं खेळाडूच्या उंचीशेजारी त्यानं पहिली मोठी स्पर्धा कितव्या वर्षी जिंकली तेही छापावं.

ज्यांचा मुलगा किंवा मुलगी अशी एकदम वाढली आहे, त्यांनी रॅकेट घेऊन माझ्याकडे यावं. जुन्या उंचीला ठेवलेलं टेन्शन, म्हणजे गटीचा ताण, दोन-तीन पौंडांनी उतरवलं की हाताला आणि खांद्याला बराच आराम पडतो. ग्रिपही हातापेक्षा लहान झालेली असते, ती एका पट्टीनं जाड करता येते. या कामाची मजुरी मी घेणार नाही, फक्त गटीचे पैसे द्यावे लागतील. सकाळी दहानंतर मी दुकानात असतो.

आपला,
एक रॅकेट-गटिंग कारागीर
महात्मानगर, नाशिक