रिसीव्हरची बॅटरी पारखून घ्यावी

महोदय,

रत्नागिरीच्या सड्यावर रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर उडवणाऱ्या हौशी मंडळींनी रिसीव्हरची (हेलिकॉप्टरमधल्या, रिमोटचे संदेश घेणाऱ्या भागाची) बॅटरी केवळ ‘एमएएच’चा, म्हणजे साठवण-क्षमतेचा, आकडा पाहून घेऊ नये. लिथियम-आयनच्या दोन सेलच्या पॅकवर ७.४ व्होल्ट लिहिलेले असले, तरी पूर्ण चार्ज झाल्यावर तो ८.४ व्होल्ट देतो. सर्व्हो (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरी) ६ व्होल्टचे असतील तर मध्ये व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर हवाच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चार-पाच डिजिटल सर्व्हो एकदम करंट ओढतात तेव्हा जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलचे व्होल्टेज क्षणभर कोसळून रिसीव्हर बंद पडू शकतो, म्हणून पॅक सलग किती अँपिअर देतो हे दुकानदाराला आधी विचारावे. निकेल बॅटरीचा चार्जर लिथियमला कदापि लावू नये. शिवाय आपल्या खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो (आणि दोष उगाच बॅटरीला लागतो). तोही उड्डाणापूर्वी तपासावा.

– एक वाचक, रत्नागिरी