अमेरिकेत टॅक्स रिटर्न फुकट भरून मिळतो, आपल्या लोकांनी त्याचा फायदा घ्यावा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमचा पेपर अमेरिकेतली बरीच मराठी मंडळी फोनवर वाचतात, आणि ज्यांची मुलं किंवा आईवडील इकडे आहेत असेही खूप वाचक आहेत म्हणून हे पत्र. टॅक्सच्या सीझनमध्ये मी इथे व्हॉलंटिअर म्हणून लोकांचे रिटर्न भरून देते. लायब्ररीत, कम्युनिटी सेंटरमध्ये अशी सेंटर्स असतात, कार्यक्रमाचं नाव व्हिटा, आयआरएसचाच म्हणजे इथल्या आयकर खात्याचाच आहे आणि पन्नासहून जास्त वर्षं चालू आहे. सगळ्या देशांचे लोक येतात पण आपले फार कमी दिसतात, आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं, फुकट आहे म्हणजे काम कसंतरीच करत असतील, किंवा ते गरिबांसाठी आहे आपण कसं जायचं.

दोन्ही चुकीचं आहे. रिटर्न भरायला बसणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी आयआरएसची परीक्षा द्यावी लागते, ८० टक्के मिळाले तरच पास, आणि एकाने भरलेला रिटर्न दुसरा माणूस पहिल्यापासून तपासतो मगच तो पाठवला जातो. पैसे तर सोडाच, आम्हाला टिपसुद्धा घेता येत नाही. उत्पन्नाची मर्यादा २०२५ च्या सीझनला साधारण ६७ हजार डॉलर होती, म्हणजे नोकरी करणारी कितीतरी साधी घरं त्यात बसतात. साठीच्या पुढच्यांसाठी टीसीई म्हणून वेगळी सोय आहे, आणि एएआरपी या ज्येष्ठांच्या संस्थेच्या फाउंडेशनचं टॅक्स-एड १९६८ पासून आहे, त्याला एएआरपीची मेंबरशिप लागत नाही.

आता विद्यार्थ्यांचं, कारण सगळ्यात जास्त काळजी मला त्यांचीच वाटते. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेली मुलं टॅक्सच्या हिशोबात साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं नॉनरेसिडेंट असतात, त्यांचा फॉर्म १०४०-एनआर. पण मित्राने सांगितलं म्हणून कुठल्यातरी सॉफ्टवेअरवर रेसिडेंट लोकांचा साधा १०४० भरून टाकतात, त्यात शिक्षणाचं क्रेडिट पण घेतात जे त्यांना मिळत नाही, रिफंड मोठा येतो म्हणून खूश होतात आणि पुढे ते सगळं दुरुस्त करत बसावं लागतं. उलट जे हक्काचं आहे ते माहीतच नसतं, भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना नॉनरेसिडेंट असूनही स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, बाकी बहुतेक देशांच्या मुलांना नाही. आणि एक डॉलर कमावला नसला तरी अशा नॉनरेसिडेंट विद्यार्थ्यांनी आपली माहिती देणारा फॉर्म ८८४३ पाठवायचाच असतो. फक्त एक लक्षात ठेवा, प्रत्येक सेंटरवर १०४०-एनआर भरत नाहीत, त्याची परीक्षा वेगळी आहे, तेव्हा आधी फोन करून विचारा किंवा युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये चौकशी करा.

ग्रीन कार्ड घेऊन मुलांकडे आलेल्या आईवडिलांनी भारतातल्या एफडीचं व्याज, पेन्शन लपवू नका, ते इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार म्हणजे त्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म वेगळा भरावा लागतो, ऑनलाइन, त्याला फी नाही. भारतातलं घर भाड्याने दिलं असेल तर मात्र व्हिटामध्ये तो रिटर्न सहसा घेत नाहीत, तिथे चांगला सीपीए, म्हणजे इथला सीए, गाठावा, त्याचे पैसे जातील पण ते योग्य आहे.

माझा राग आहे तो रिफंडमध्ये टक्केवारी मागणाऱ्या आणि स्वतःची सही न करणाऱ्या लोकांवर. अशांपासून लांब राहा असं आयआरएस स्वतः सांगते, कारण रिटर्नमध्ये काहीही लिहिलेलं असो जबाबदारी तुमचीच असते, तो माणूस नंतर फोनही उचलत नाही.

येताना फोटो आयडी, घरातल्या सगळ्यांची सोशल सिक्युरिटी कार्डं, पगाराचा डब्ल्यू-२ आणि व्याजासारख्या इतर उत्पन्नाचे १०९९ फॉर्म, मागच्या वर्षीचा रिटर्न, बँकेचा राउटिंग आणि अकाउंट नंबर आणा. नवराबायकोचा एकत्र रिटर्न असेल तर दोघांनीही या, सही दोघांची लागते, एकटं आलं की परत जावं लागतं आणि मला ते सांगताना फार वाईट वाटतं. १५ एप्रिल शेवटची तारीख असते पण अपॉइंटमेंट त्याच्या खूप आधी संपतात, फेब्रुवारीतच घेऊन ठेवा.

आणि बँकेतून, अकाउंट्समधून रिटायर होऊन इकडे मुलांकडे राहायला आलेल्या मंडळींना ग्रीन कार्ड असेल तर त्यांनी आमच्यात यावं अशी मनापासून विनंती. ज्यांना टॅक्सची परीक्षा नको त्यांना भाषांतरासाठी बसता येतं, मराठी हिंदी गुजराती बोलणारं कोणी शेजारी असलं की म्हातारी माणसं मोकळेपणाने सगळं सांगतात आणि कागदही पूर्ण बाहेर काढतात. ट्रेनिंग हिवाळ्यात सुरू होतं, ऑनलाइन आहे आणि तेही फुकट.

आपली,
एक व्हॉलंटिअर, न्यू जर्सी